अमेरिकेत कायोटीसाठी पहिली, परवडणारी रायफल कशी निवडावी

ऑस्टिन किंवा सॅन अँटोनियोच्या पश्चिमेला थोडी जमीन घेऊन शेळ्या पाळायला लागलेली ओळखीची मंडळी मला हमखास विचारतात: कायोटीसाठी (म्हणजे कळपावर येणाऱ्या, कोल्ह्यासारख्या रानटी जनावरासाठी) कोणती रायफल घेऊ, आणि हजार डॉलरांत भागेल का? भागतं. पण काउंटरवर उभं राहून ठरवायची ही गोष्ट नव्हे. आधी तुमचा व्हिसा, मग जमीन, मग काडतूस आणि सगळ्यात शेवटी रायफल, असा क्रम धरलात तर पैसेही वाचतात आणि डोक्याचा तापही. बहुतेक जण नेमकी उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी यूट्यूबवर रायफल आवडते, मग बाकी सगळं तिच्या गळ्यात बांधायची धडपड सुरू होते.

खाली लिहिलं आहे ते टेक्ससचं आहे. संघराज्याचे कायदे सगळीकडे सारखे, पण राज्यागणिक फरक मोठा पडतो. इलिनॉयमध्ये आधी फॉइड कार्ड (बंदूक बाळगण्यासाठीचं राज्याचं ओळखपत्र) लागतं, न्यू जर्सीत रायफल घेण्याआधी ओळखपत्र काढावं लागतं, कॅलिफोर्नियात पैसे भरल्यावर दहा दिवस थांबावं लागतं आणि २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी चालतच नाही. भारतातल्या वाचकांसाठी एवढंच सांगते: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे. गावाकडच्या कोल्ह्याला यातलं काही लागू करायला जाऊ नका.

## १. आधी जनावर आणि जागा बघा

पश्चिमेकडचा कायोटी साधारण दहा ते सोळा किलोचा. हिवाळ्यात अंगावर दाट केस असतात, त्यामुळे दिसतो मोठा; खाली शरीर मात्र सडपातळ. छातीतला नेमका भाग, म्हणजे काळीज आणि फुप्फुसं, जेमतेम सहा इंचांच्या वर्तुळात येतो. तुमच्या रायफलीकडून काय अपेक्षा ठेवायची हे त्या सहा इंचांवरून ठरतं. हरणाच्या शिकारीत खपून जाणारी चूक इथे खपत नाही.

दुसरा प्रश्न अंतराचा. आपल्या जमिनीवर उभं राहून बघा, किती लांबचं स्पष्ट दिसतं? हिल कंट्रीत सीडर आणि मेस्कीटच्या झुडपांत शंभर-दीडशे यार्डांपलीकडे सहसा काही दिसतच नाही. वर पॅनहँडलमध्ये, लबक-अमरिलोच्या बाजूला, तीनशे यार्ड मोकळं रान असतं. झुडपांत राहणाऱ्या माणसाने चारशे यार्डांची रायफल घेणं म्हणजे पैसे वाया.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण दुकानदार ती सांगणार नाही. दोन-चार कायोटी मारून परिसरातले कायोटी कमी होत नाहीत. रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरी जोडी येऊन बसते. शेळ्या वाचवायच्या असतील तर चांगलं कुंपण आणि ग्रेट पिरेनीजसारखा राखणदार कुत्रा रायफलीपेक्षा जास्त कामाचा. रायफल आहे ती कळपाची चटक लागलेल्या एखाद्या जनावरासाठी, किंवा तुम्हाला शिकारच करायची असेल तर त्यासाठी.

## २. तुमचा व्हिसा काय म्हणतो

नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर हा टप्पा वाचून पुढे चला. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर, बी-टू अशा कुठल्याही बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर मात्र थांबा.

१९६८ च्या गन कंट्रोल कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही मना आहे. यातून सुटायचे काही मोजके अपवाद आहेत आणि आपल्या कामाचा त्यातला एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हातात असणं. परवाना आहे तोवर रायफल कायदेशीर. परवाना संपला की तीच रायफल कपाटात ठेवणंसुद्धा गुन्हा.

सापळा इथेच आहे. टेक्ससच्या परवान्याचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं चालतं. तुम्ही जानेवारीत काढलेला परवानाही ३१ ऑगस्टलाच संपतो. नवीन वर्षाचे परवाने ऑगस्टच्या मध्यापासून मिळू लागतात, तेव्हाच घेऊन टाका. फोनमध्ये आठवण लावून ठेवा आणि ती दरवर्षी येईल अशी लावा. बंदुकीचा गुन्हा सिद्ध झाला तर प्रकरण दंड-शिक्षेवर थांबत नाही, देशाबाहेर काढण्याचं ते स्वतंत्र कारण ठरतं. पंचवीस डॉलरांच्या कागदासाठी हा धोका कोणी घेऊ नये.

नवरा-बायको दोघंही व्हिसावर असतील तर दोघांनीही परवाना काढावा असं माझं मत आहे. एकाच घरात, एकाच कपाटाची किल्ली दोघांकडे असताना रायफल नेमकी कोणाच्या ताब्यात, हा वाद वकिलाच्या दारात जाऊन सोडवण्यात अर्थ नाही.

आणि आई-बाबा. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले, बी-टू व्हिसावर. शनिवारी सगळे रेंजवर जातात, बाबांना हौस असते, "द्या त्यांच्या हातात, एक फोटो काढू." देऊ नका. रेंजवर पाच मिनिटं हातात धरणं हेही कायद्याच्या लेखी बाळगणंच आहे. त्यांना कानाला मफ लावून मागच्या बाकावर बसवा, चहाचा थर्मास द्या. मजा येते त्यांनाही.

ग्रीन कार्डचा अर्ज मधेच अडकलेला असेल, किंवा स्टेटस बदलत असेल, तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

## ३. परवाना आणि हंटर एज्युकेशन

कायोटी टेक्ससमध्ये 'नॉन-गेम' प्राण्यांत मोडतो. बंद हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, दिवसा-रात्री केव्हाही चालतं. पाळीव जनावरांवर कायोटीने हल्ला केला असेल किंवा करण्याच्या बेतात असेल तर परवान्याचीही गरज नसते. पण ती सवलत शिकार करण्यापुरती आहे. व्हिसावाल्यांना रायफल बाळगण्यासाठी परवाना लागतो तो लागतोच.

२ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. सतरा वर्षांवरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. कंटाळवाणा आहे, पण झपाट्याने पुढे ढकलू नका. ज्याने आयुष्यात कधी बंदूक हातात घेतली नाही त्याच्यासाठी त्यातला सुरक्षेचा भाग सोन्याच्या किमतीचा आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ टेक्ससमध्ये सलग राहत असाल तर रहिवाशाचा परवाना पंचवीस डॉलरांना मिळतो. पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाच्या संकेतस्थळावर, किंवा वॉलमार्ट-अकॅडमीसारख्या दुकानाच्या काउंटरवरही.

रात्री शिकारीला बसणार असाल तर आधी गेम वॉर्डनला (शिकारीचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या अधिकाऱ्याला) किंवा शेरीफच्या ऑफिसला फोन करून सांगून ठेवा. कायद्याने सक्ती नाही, पण अंधारात गोळीचा आवाज आला की शेजारी त्यांनाच फोन करतात.

## ४. काडतूस ठरवा, रायफल आपोआप ठरेल

नवख्या माणसाला माझं उत्तर एकच: .२२३ रेमिंग्टन. तोंडी बोलताना 'टू-ट्वेंटी-थ्री'. कारणं सांगते.

खांद्याला धक्का जवळजवळ बसत नाही, त्यामुळे चाप ओढताना अंग चोरायची सवय लागत नाही. काडतूस प्रत्येक गावात मिळतं. सरावाची काडतुसं साधारण अर्ध्या डॉलरला एक पडतात, शिकारीची सव्वा-दीड डॉलरला. ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला ३२०० फुटांच्या आसपास वेगाने सुटते आणि अडीचशे यार्डांपर्यंत कायोटीला ती भरपूर झाली.

बाकीचे पर्याय वाईट नाहीत, फक्त त्यांची किंमत ओळखून घ्या:

- .२२-२५० रेमिंग्टन: त्याच वजनाची गोळी, पण वेग ३६०० फुटांच्या वर. तीनशे यार्डांच्या मोकळ्या रानात हाच राजा. मात्र काडतुसं महाग, नळी लवकर तापते आणि लवकर झिजते.
- .२४३ विंचेस्टर: हरणही मारायचं असेल तर हे घ्या. धक्का .२२३ च्या दुपटीहून जास्त, तरी सोसवणारा. टेक्ससमध्ये हरणाला .२२३ चालतं, पण कोलोरॅडोसारख्या राज्यात हरणासारख्या मोठ्या शिकारीला गोळीचा व्यास किमान .२४ इंच लागतो, हे ध्यानात असू द्या.
- .२०४ रुगर: अतिवेगवान, हलकी गोळी. हौशी माणसाचं काडतूस. लहान गावात सहज मिळत नाही.
- .२२ एलआर आणि .१७ एचएमआर: सशासाठी ठीक. कायोटी जखमी होऊन झाडीत पळतो आणि तिथे हाल होऊन मरतो. "स्वस्त पडतं ना" म्हणून हे घेऊ नका.

दोन सापळे. पहिला: .२२३ आणि ५.५६ नाटो ही काडतुसं बाहेरून अगदी सारखी दिसतात, पण ५.५६ चा दाब जास्त. नळीवर '.२२३ रेम' कोरलं असेल तर तिच्यात ५.५६ घालू नका. उलट चालतं: ५.५६ च्या रायफलीत .२२३ खुशाल वापरा. दुसरा: सरावाची स्वस्त काडतुसं पूर्ण तांब्याच्या आवरणाची असतात, डब्यावर 'एफएमजे' लिहिलेलं असतं. ती जनावरातून सुईसारखी आरपार जातात आणि दगडावर आपटून भलतीकडे उसळतात. शिकारीला हॉर्नडीची व्ही-मॅक्स किंवा नॉसलरची बॅलिस्टिक टिप अशी फुटणारी गोळी घ्या.

नळीच्या आतल्या पिळाबद्दल दुकानात फार गप्पा ऐकाल. १:९ म्हणजे नऊ इंचांत गोळी एक पूर्ण फेरी घेते. ५५ ग्रेनला १:१२ ते १:८ काहीही चालतं. ७० ग्रेनच्या वरची लांब गोळी वापरायची असेल तरच १:८ किंवा त्याहून आवळ पीळ लागतो. पहिल्या वर्षी यावर डोकं खपवू नका.

## ५. आता रायफल

बोल्ट ॲक्शन घ्या. एआर-१५ (पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल) कायोटीला उत्तम चालते आणि टेक्ससमध्ये पाच-सहाशे डॉलरांत मिळतेही, पण इलिनॉय, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, वॉशिंग्टन या राज्यांत तिच्यावर बंदी किंवा कडक बंधनं आहेत. उद्या नोकरी बदलून सिॲटलला गेलात तर ती बरोबर नेता येईल का, हा प्रश्न उभा राहतो. बोल्ट ॲक्शनला ही कटकट नाही. शिवाय प्रत्येक गोळीमागे हाताने बोल्ट ओढावा लागतो, त्यामुळे नवखा माणूस सावकाश आणि विचाराने उडवतो.

चारशे ते सहाशे डॉलरांत आज जे मिळतं ते वीस वर्षांपूर्वी हजारात मिळत नव्हतं. माझी पसंती या क्रमाने:

रुगर अमेरिकन प्रिडेटर. २०१२ साली ही मालिका आली तेव्हापासून स्वस्त रायफलींचं मोजमाप हिच्यावरूनच होतं. थोडी जाड नळी, तिच्या टोकाला आटे, हलका बोल्ट, घरी स्क्रूने कमी-जास्त करता येणारा ट्रिगर. प्लॅस्टिकचा दस्ता पोकळ वाजतो. वाजू दे. दुसरी पिढी आता दुकानांत आहे. पहिल्या पिढीची नवी रायफल कुठे सवलतीत दिसली तर तीही डोळे झाकून घ्या.

सॅवेज ॲक्सिस. सगळ्यात स्वस्त, आणि किमतीच्या मानाने नेम आश्चर्य वाटावा इतका नेटका. पण ॲक्यूट्रिगर (सॅवेजचा हलका करता येणारा चाप) असलेलीच घ्या. जुन्या साध्या ॲक्सिसला तो नव्हता आणि तिचा चाप ओढणं म्हणजे गंजलेली कडी सरकवणं.

हावा १५००. जपानी बनावटीची, जड, पोलादी, थोडी महाग. वेदरबी व्हॅनगार्डची ॲक्शन (काडतूस भरणारा आणि उडवणारा मधला भाग) हीच. झुडपांत रोज फिरायचं नसेल, एका जागी बसायचं असेल, तर वजनाचा त्रास न होता फायदाच होतो.

मॉसबर्ग पेट्रियटही यादीत ठेवा, सेलमध्ये फार खाली येते.

वापरलेल्या रायफलींत रेमिंग्टन ७०० फार दिसते, आणि रायफल चांगलीच आहे. पण मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळातल्या एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली कंपनीने परत बोलावल्या होत्या, कारण चापाला हात न लावता गोळी सुटण्याचा धोका होता. अनुक्रमांक तपासा आणि ट्रिगर बदलल्याचा पुरावा मागा. नसेल तर सोडून द्या.

नळीच्या टोकाच्या आट्यांबद्दल: सायलेन्सर लावायला ते लागतात. .२२३ ला बहुतेक वेळा १/२-२८ मापाचे असतात. सायलेन्सर १९३४ च्या एनएफए (नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट) कायद्याखाली येतो. दोनशे डॉलरांचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे, पण नोंदणी, बोटांचे ठसे आणि मंजुरी हे सगळं कायम आहे. पहिल्या वर्षी गरज नाही. आटे असू द्या, पुढे उपयोगी पडतील.

## ६. दुकानात हातात घेऊन काय बघायचं

विक्रेता रायफल देताना बोल्ट उघडून दाखवतो. तुम्हीही आत बोट घालून रिकामी असल्याची खात्री करा, त्याने आत्ताच दाखवली असली तरी. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. उलट तुम्हाला शिस्त आहे हे त्याला कळतं आणि तो नीट बोलायला लागतो. तोंड छताकडे किंवा जमिनीकडे, माणसांकडे कधीच नाही.

डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. स्कोपमध्ये (रायफलीवरच्या दुर्बिणीत) गोल चित्र पूर्ण दिसलं तर दस्त्याची लांबी तुम्हाला बरोबर. मान ताणावी लागली किंवा कडेला काळी सावली दिसली तर दस्ता लांब आहे. आपल्यातल्या पाच-सव्वापाच फूट उंचीच्या माणसांनी, विशेषतः बायकांनी, 'कॉम्पॅक्ट' किंवा 'यूथ' मॉडेल मागावं. दुकानदार ते लहान मुलांचं म्हणून दाखवत नाही, तुम्ही मागा.

मग खिशातली एक डॉलरची नोट काढा. नळी आणि लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या दस्त्याच्या मधल्या फटीत ती सरकवा आणि मागे खेचत न्या. ॲक्शनपर्यंत विनाअडथळा गेली तर नळी मोकळी आहे. मधेच अडली तर नळी तिथे टेकते आहे, आणि तापल्यावर नेम हलणार. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींत हा फरक दिसतो, म्हणून काउंटरवरच्या दोन्ही मागून बघा.

"ड्राय फायर करू का?" असं विचारून रिकाम्या रायफलीचा चाप ओढून बघा. तीन-साडेतीन पौंडांचा, मधे न अडखळणारा चाप हवा. मॅगझिन काढा-घाला, हातमोजे घालून हे थंडीत करायचं आहे हे लक्षात ठेवा.

## ७. स्कोपवर कंजुषी नको

हजार डॉलरांचा माझा हिशेब असा: रायफल ५०० च्या आसपास, स्कोप २००, स्कोप बसवायच्या रिंगा ३५, काडतुसं १५०, कानाचे मफ आणि चष्मा ४०, शूटिंग स्टिक्स (रायफल टेकवायच्या काठ्या) ३०. शहरात सव्वाआठ टक्के सेल्स टॅक्स धरलात की हजाराच्या थोडं वर जातं. सशाचा आर्त आवाज काढणारी तोंडाने वाजवायची शिट्टी वीस डॉलरांत येते. असे आवाज वाजवणारं यंत्र, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कॉलर, पुढच्या वर्षी.

रायफलीबरोबर डब्यातच येणाऱ्या स्कोपच्या कॉम्बोपासून शक्यतो लांब राहा. पन्नास-साठ डॉलर वाचतात आणि पहाटेच्या अंधुक उजेडात, म्हणजे नेमकी कायोटी येण्याच्या वेळेला, त्यातून राखाडी धुकं दिसतं. व्हॉर्टेक्स क्रॉसफायर टू किंवा ल्युपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम, ३-९×४० (म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा). एवढं पुरे. झुडपांत ३ वर ठेवा. कायोटी चाळीस यार्डांवर अचानक समोर येतो आणि ९ वर असलात तर स्कोपमध्ये फक्त केस दिसतात.

## ८. खरेदीचा दिवस

बरोबर न्यायचे कागद:

- सध्याचा पत्ता असलेलं टेक्ससचं ड्रायव्हिंग लायसन्स. घर बदललं असेल तर नव्या पत्त्याचा दुसरा सरकारी कागद, उदाहरणार्थ गाडीचं रजिस्ट्रेशन.
- ग्रीन कार्ड असेल तर ते.
- व्हिसावर असाल तर पासपोर्ट, ताजा आय-९४ छापून, आणि वैध शिकार परवाना.

परवानाधारक दुकानात एटीएफचा (बंदुकांवर देखरेख करणाऱ्या संघराज्याच्या संस्थेचा) फॉर्म ४४७३ भरावा लागतो. सावकाश वाचा. तीन जागी लोक अडखळतात.

प्रत्यक्ष खरेदीदार तुम्हीच आहात का, हा पहिला प्रश्न. मित्राला विकत घेता येत नाही म्हणून त्याच्या पैशांनी तुमच्या नावावर घेणं हा गंभीर गुन्हा आहे. बायकोला भेट देणं चालतं, जर तिला बाळगण्याची मुभा असेल तर.

गांजाबद्दलचा प्रश्न दुसरा. कोलोरॅडोत किंवा कॅलिफोर्नियात तो राज्याच्या कायद्याने चालतो, पण संघराज्याच्या कायद्याने नाही, आणि फॉर्मवर तसं छापलेलंच असतं. खोटं उत्तर म्हणजे वेगळा गुन्हा.

तिसरी जागा नागरिकत्वाची. बिगर-स्थलांतरित व्हिसा असेल तर 'हो' लिहून पुढे अपवाद लागू आहे असं लिहायचं असतं. काही विक्रेत्यांना हा अपवाद माहीतच नसतो आणि ते सरळ नाही म्हणतात. वाद घालू नका. एच-वन-बीवाल्यांना आधी विकलेलं दुसरं दुकान शोधा. फोनवर विचारूनच निघा.

मग निक्सची, म्हणजे एफबीआयच्या यंत्रणेतून होणारी पार्श्वभूमीची, तपासणी. नागरिकाला दहा मिनिटं लागतात. आपल्यासारख्यांना बऱ्याचदा 'डिलेड' येतं, कारण इमिग्रेशनच्या नोंदी वेगळ्या तपासल्या जातात. याचा अर्थ नकार नव्हे. कामाचे तीन दिवस उत्तर आलं नाही तर कायद्याने दुकानदार रायफल देऊ शकतो, पण बरीच दुकानं स्पष्ट होकार येईपर्यंत थांबतात.

ऑनलाइन स्वस्त दिसली तरी ती घरी येत नाही, जवळच्या परवानाधारक दुकानात येते, आणि ते पंचवीस ते पन्नास डॉलर घेतात. तेवढे धरून तुलना करा. अनोळखी माणसाकडून पार्किंग लॉटमध्ये घ्यायची वेळ आली तर व्हिसावाल्यांनी ती टाळावीच.

## ९. नेम बसवणं

दुकानात 'बोअरसाइट' करून दिली (गोळी न उडवता स्कोप नळीच्या रेषेत आणून दिला) म्हणजे नेम बसला असं नाही. फक्त गोळी कागदावर लागेल एवढंच. कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही. .२२३ चा आवाज एका गोळीतही कान कायमचा बिघडवू शकतो.

सुरुवात २५ यार्डांवर. दस्ता पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांवर टेकवा. तीन गोळ्या उडवा, तिन्हींच्या मधोमध बिंदू धरा. स्कोपची एक क्लिक शंभर यार्डांवर पाव इंच असते, म्हणजे २५ यार्डांवर एका इंचासाठी सोळा क्लिक. शंभराच्या हिशेबाने चार क्लिक फिरवून "स्कोप हलतच नाही" म्हणून वैतागलेले लोक दर शनिवारी दिसतात. इथे गोळी मध्यबिंदूच्या अर्धा इंच खाली आणा.

मग शंभर यार्ड. आता दीड इंच वर लागली पाहिजे. असं केलं की ५५ ग्रेनची गोळी दोनशे यार्डांवर बरोबर मध्यात येते आणि तीनशेवर साधारण सात इंच खाली. म्हणजे दोनशेपर्यंत छातीच्या मध्यावर धरायचं, वर-खाली काही नाही. आडवा वारा ताशी दहा मैलांचा असेल तर दोनशेवर चार इंच ढकलतो, आणि टेक्ससच्या पश्चिमेला असा वारा रोजचाच.

स्वस्त रायफलीची नळी बारीक असते. चार-पाच गोळ्यांनंतर ती हाताला चटका देते आणि कागदावरचा गोळ्यांचा गट वर सरकायला लागतो. पाण्याची बाटली घ्या, मित्राला उडवू द्या (त्याचा व्हिसा तपासून), दहा मिनिटं थांबा. रेंजवर बाकावरून उडवून समाधान मानू नका. कायोटीवर कधी बाकावरून गोळी सुटत नाही. मांडी घालून, स्टिक्सवर टेकवून, शंभर यार्डांवर सहा इंचांच्या कागदी थाळीत पाचपैकी पाच लागेपर्यंत शिकारीला जाऊ नका.

## १०. रानात, घरात, विमानतळावर

चाप ओढण्याआधी जनावर ओळखा आणि त्याच्या मागे काय आहे ते बघा. शेजाऱ्याचा हस्की पहाटे कायोटीसारखाच दिसतो. न्यू मेक्सिको-ॲरिझोनात मेक्सिकन लांडगा, तर उत्तर कॅरोलिनाच्या पूर्वेला लाल लांडगा. दोन्ही संरक्षित आहेत. मागे माती किंवा टेकडी नसेल तर गोळी उडवायची नाही. टेक्ससमध्ये परवानगीशिवाय तुमची गोळी शेजाऱ्याच्या हद्दीत जाणं हाच गुन्हा आहे, कोणाला लागो न लागो.

घरात रायफल कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. भरलेली बंदूक निष्काळजीपणे ठेवली आणि ती सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर टेक्ससमध्ये तो गुन्हा आहे. साधं केबल लॉक 'प्रोजेक्ट चाइल्डसेफ'तर्फे बऱ्याच पोलिस ठाण्यांत फुकट मिळतं. गाडीत रिकामी आणि पेटीत बंद.

आणि भारतात जाताना: रेंजवर नेलेली बॅग, जॅकेट, कॅमेऱ्याची पिशवी यांतलं काहीही बरोबर नेऊ नका. अस्तराच्या फटीत अडकलेलं एक काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या स्कॅनरवर दिसलं की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि "चुकून राहिलं" हे सिद्ध करायला तुम्हाला कोर्टात जावं लागतं. रेंजसाठी एक वेगळी बॅग घ्या, ठळक रंगाची, आणि ती गॅरेजमध्येच राहू द्या.